मांडव, कार्यालय, लॉन, विहार: लग्नाच्या फोटोंसाठी जागा कशी बघावी

ऑर्डर द्यायला कोणी स्टुडिओत आलं की मी वहीत तारखेखाली तीन गोष्टी लिहून घेते: लग्न कुठे आहे, मुहूर्त किती वाजताचा आहे आणि डोक्यावर मांडवाचं कापड कोणतं असणार आहे. पहिल्या दोन गोष्टी पत्रिकेत असतात. तिसरी कोणी सांगत नाही, ती बिछायतवाल्याला, म्हणजे मांडवाचं सामान भाड्यानं देणाऱ्याला, फोन करून विचारावी लागते. फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा या तिसऱ्या गोष्टीमुळे.

माझा स्टुडिओ यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात आहे. सासऱ्यांनी फिल्म रोलच्या काळात सुरू केला, आता व्हिडिओ नवरा बघतो आणि फोटो मी काढते. दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर हा आमचा पट्टा. इथे एकाच आठवड्यात अंगणातला मांडव, बंजारा तांड्यावरचं लग्न, विहारातला मंगल परिणय आणि महामार्गालगतचं लॉन असं सगळं पाठोपाठ येतं. खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी या कामाला नव्यानं लागणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. कॅमेऱ्याची बटणं शिकवणारे पुष्कळ आहेत. जागा वाचायला मात्र कोणी शिकवत नाही आणि आमच्याकडच्या लग्नात निम्मं काम तेच आहे.

जागा मुहूर्ताच्याच वेळी बघा

जागा बघायला सकाळी उन्हाच्या आत जाऊन येणारे बरेच असतात. सकाळी आठला सुंदर दिसणारं अंगण दुपारी साडेबाराला ओळखू येत नाही. म्हणून लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी, मुहूर्त ज्या वेळेचा आहे त्याच वेळी जाऊन उभं राहायचं. नवरदेव-नवरी जिथे उभे राहणार तिथे सोबतच्या माणसाला उभं करायचं आणि मोबाइलनं चारही बाजूंनी फोटो काढायचे. कपाळ चमकतं का, डोळ्यांखाली काळं पडतं का, हनुवटीखाली कोणता रंग येतो, एवढं बघितलं तरी लग्नाच्या दिवशी काय लागणार ते कळतं.

आता सूर्याचा हिशोब. यवतमाळ जिल्हा साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी बाराच्या पुढे सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे तेव्हाच असतो. त्या दिवसांत स्टेज कोणत्याही दिशेला तोंड करून असलं तरी उघड्यावर फरक पडत नाही. ऊन सरळ वरून येतं आणि फेट्याखाली, बाशिंगाखाली डोळे काळे होतात. अशा वेळी छत लागतंच, आणि प्रकाश बाजूनं आत यायला हवा. मी बिछायतवाल्याला मांडवाची उत्तरेकडची कनात, म्हणजे बाजूचं कापड, उघडी ठेवायला सांगते. तिकडून थेट ऊन येत नाही, मऊ उजेड येतो आणि हवाही खेळते. डिसेंबरमध्ये याच्या उलट. तेव्हा भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला, अर्ध्या आभाळावरच असतो, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या मांडवात ऊन थेट पाटापर्यंत शिरतं. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा काळा. तिथे दक्षिणेची कनात बंद ठेवावी लागते.

गोरज मुहूर्ताचं तर घड्याळच वेगळं. आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा वीसेक मिनिटं आधी मावळतो. मेच्या मध्यात पावणेसातच्या सुमारास आणि डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाच वाजून थोडं पुढे. मावळतीआधीचा अर्धा तास आणि नंतरची दहा-पंधरा मिनिटं, एवढाच खरा गोरजाचा उजेड. पत्रिकेत सायंकाळचे ६ वाजून २१ मिनिटं छापलेलं असलं तरी वरात मारुतीच्या देवळापासून निघालेली नसते, आणि काकाजी सांगत असतात, "बस, पाच मिंटात लागतेच लगन." त्यावर विसंबू नका. नवरा-नवरीचे जोडीनं काढायचे फोटो रिवाजाप्रमाणे लग्नानंतरचे असतात, ते अंधारात जाणार हे धरूनच चाला, दोन लाइट स्टँड लावून ठेवा. उजेड आहे तोवर नवरीचे एकटीचे, तिच्या आईबापासोबतचे आणि आजीसोबतचे फोटो उरकून घ्या.

मारुतीचं देऊळही आधीच बघून या. नवरदेव आधी तिथे जातो, तिथेच त्याचे मित्र, जावई, मामा सगळे ताज्या चेहऱ्यानं भेटतात. पार उंच असेल तर वरून घ्यायचा फोटो मिळतो. समोर विजेची डी.पी. आणि तारांचं जाळं असेल तर कोपरा आधीच ठरवता येतो.

कापड

घरच्या मांडवाचे आमच्याकडे दोन-तीन प्रकार. एक जांभळीच्या किंवा आंब्याच्या डहाळ्या टाकलेला. तो दिसायला सगळ्यात देखणा आणि फोटोला सगळ्यात अवघड, कारण पानांतून उन्हाचे कवडसे पडतात. नवरीच्या गालावर एक कवडसा, नाकावर दुसरा. यावर उपाय स्वस्त आहे. पाटाच्या जागेपुरतं, वरच्या बाजूनं, डहाळ्यांवर एक पांढरं सुती कापड अंथरायला सांगा. जुनी डबल चादर चालते. ऊन त्यातून गाळून येतं आणि खालून डहाळ्या दिसतात तशाच राहतात. घरच्यांना कारण सांगितलं की तेच आनंदानं करतात. नवरीचा भाऊ तर लगेच चढतो.

दुसरा प्रकार लाल-पिवळ्या कापडाचा. दुपारी त्याखाली सगळं गाव हळद लागल्यासारखं दिसतं. तिसरा गेल्या काही वर्षांतला: शेतातली हिरवी शेडनेट. शेतकऱ्याच्या घरी असतेच, सावली चांगली देते, खर्च वाचतो, आणि चेहरे हिरवट येतात. नुसता फ्लॅश मारला तर माणसं नीट आणि मागची भिंत, आजी, वाजंत्री सगळे हिरवे. त्यापेक्षा फ्लॅशवरच हलका हिरवा जिलेटिन पेपर लावा, म्हणजे फ्लॅशचा आणि नेटचा उजेड एका रंगाचा होतो. मग करड्या कार्डाचा फोटो घेऊन त्यावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा हिशोब, सेट केला की दोन्ही एकदम सरळ होतात. लाल-पिवळ्या कापडालाही हीच रीत, फक्त पेपर केशरी. फ्लॅश छताकडे वळवून मारायची सवय असेल तर रंगीत कापडाखाली ती सोडा. कापडाचा रंग घेऊनच उजेड खाली येतो. त्याऐवजी फ्लॅश बाजूला, स्टँडवर, पांढऱ्या छत्रीतून.

सगळ्यात उत्तम म्हणजे पांढरं सीलिंग. बिछायत केंद्रात ते असतं, पण मोजकं. आमच्या ओळखीचा एक बिछायतवाला मला दरवर्षी बजावतो, "ताई, पांढरं पायजे त आंधीच सांगत जा, सीझनमधी राहत नाही." म्हणून ऑर्डर पक्की झाली की यजमानाच्या आधी मीच त्याला सांगते. भाड्यात फार फरक पडत नाही. यजमानालाही हे पटवून द्या. कापड बदललं तर त्याचे पैसे वसूल होतात, माझा कॅमेरा बदलून तेवढे होणार नाहीत.

मंगल कार्यालय

तालुक्याच्या कार्यालयांत दोन अडचणी ठरलेल्या असतात. वर उंच टिनाचं छत आणि मागे एलईडीची भिंत, म्हणजे चित्रं दाखवणारा मोठा पडदा.

टिनाचं छत वीस-पंचवीस फुटांवर असतं, फ्लॅशचा उजेड तिथून परत येत नाही. स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत, पाहुण्यांच्या जाण्यायेण्याच्या बाहेर, एकेक फ्लॅश स्टँडवर लावा आणि स्टँड खांबाला सुतळीनं बांधा. पोट्टे धावतात, अक्षतांच्या वेळी गर्दी लोटते, स्टँड पडतोच. वाळूच्या पिशव्या नेत असाल तर चांगलंच, नसतील तर आचाऱ्याकडून कणकेचं रिकामं पोतं घेऊन त्यात वाळू भरा.

एलईडीच्या भिंतीसमोर फोटोत आडव्या पट्ट्या येतात, कारण ते दिवे सतत पेटलेले दिसले तरी लुकलुकत असतात. साध्या एलईडी माळा, फोकस यांचंही तेच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. त्यामुळे शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की माळा-फोकसच्या पट्ट्या बहुतेक जातात. व्हिडिओ २५ फ्रेमवर आणि शटर १/५०. भिंतीचा वेग वेगळा असतो, तिथे शटर थोडं मागेपुढे करून बघावं लागतं. जनरेटरवर मात्र भरवसा नाही. भार वाढला की त्याची गती बदलते आणि पट्ट्या पुन्हा सरकायला लागतात. तुमच्या कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर, म्हणजे ही लुकलुक टाळायची सोय, असेल तर कार्यालयात पाय ठेवतानाच चालू करा. भिंतीवर काय दाखवायचं हेही भिंत चालवणाऱ्या पोराशी आधी बोला. लाल गुलाब फिरत राहिले की नवरीच्या पाठीवर, केसांवर लाल उजेड पडतो. मंगलाष्टकांपुरतं एकच स्थिर, फिकट चित्र ठेव म्हटलं तर तो ऐकतो. अट एकच, त्याला नावानं हाक मारा आणि चहा द्या.

कूलर ही तिसरी गोष्ट, ती उन्हाळ्यातच. कूलर स्टेजकडे तोंड करून लावलेले असतात, त्यांच्या पाण्याचे तुषार लेन्सवर बसतात आणि आवाज भटजींच्या आवाजावर चढतो. कूलर बंद करायला सांगणं योग्य नाही, मेमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर बेतेल. साउंडवाल्याकडून मिक्सरची लाइन थेट रेकॉर्डरमध्ये घ्या, म्हणजे मंगलाष्टकं स्वच्छ येतात. आणि दर थोड्या वेळानं लेन्स पुसा.

लॉन

नागपूर-तुळजापूर महामार्ग झाल्यापासून यवतमाळ, आर्णीच्या बाजूनं लॉन बरीच झाली. हिवाळ्यात लॉन छान. एप्रिल-मेच्या संध्याकाळी मात्र पश्चिमेकडे बघत राहा. अवकाळी वादळ येतं तेव्हा आधी धूळ येते, मग वारा, मग पाऊस, आणि या तिन्हींमध्ये फार वेळ जात नाही. फुलांची कमान, ट्रसवरचे, म्हणजे लोखंडी सांगाड्यावरचे, फोकस, पडदे हे सगळं वाऱ्याला उभं असतं. जोराचा वारा सुटला तर स्टेजखालून माणसं बाजूला काढायला मदत करा, फोटो नंतर. जागा बघायला जाल तेव्हाच विचारून ठेवा की पक्कं बांधकाम कुठे आहे, पाऊस आला तर लग्न कुठे हलवणार. लॉनवाल्याकडे उत्तर नसेल तर यजमानाच्या कानावर घाला.

रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे लॉनवरची वरात दहाच्या आत आवरते, निदान आवरायला पाहिजे. नाचाचे फोटो शेवटासाठी ठेवू नका.

ड्रोनचा आग्रह लॉनवरच जास्त होतो. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी लागते, आणि धंद्यासाठी उडवायचा तर उडवणाऱ्याकडे परवाना लागतो. हरित क्षेत्रातही, म्हणजे जिथे ड्रोनला मोकळीक आहे तिथेही, ४०० फुटांच्या वर नेता येत नाही. पांढरकवड्याकडे टिपेश्वर अभयारण्य आहे, त्या बाजूच्या लग्नात जंगलाकडे ड्रोन नेऊच नका. आणि नवरदेव बैलबंडीत असेल तर ड्रोन लांब ठेवा. बैल बुजले तर बंडी गर्दीत शिरते.

विहार, तांडा, निकाह

विहारातल्या लग्नात माझं मन रमतं. भिंती पांढऱ्या असतात, कपडे पांढरे असतात, समोर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, अगरबत्ती. उजेड सगळीकडे सारखा पसरतो. कॅमेरा पांढऱ्याला भिऊन फोटो अंधारे करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण ते एक स्टॉप वाढवून ठेवा. त्रिशरण-पंचशील चालू असताना सगळे हात जोडून उभे असतात, तेव्हा मध्ये फिरायचं नाही आणि फ्लॅश मारायचा नाही. एका बाजूला बसा, लांबची लेन्स लावा. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या पडतात, आणि त्या तांदळापेक्षा सावकाश पडतात, त्यामुळे तो क्षण हाताला लागतो. चपला बाहेर काढून आत जायचं हे सांगायला नको, पण तुमच्या मदतनिसालाही सांगून ठेवा.

तांड्यावरच्या लग्नात बायकांची गाणी हेच मुख्य. नवरी गळ्यात पडून गाण्यातून रडते ते ढावलो. तिथे फ्लॅश अगदी बंद ठेवा आणि आवाज नीट रेकॉर्ड करा. पुढे ती गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या राहत नाहीत. आरशाचं काम केलेले घागरे, ओढण्या फ्लॅशनं नुसत्या चमकतात. बाजूच्या उजेडात भरतकाम दिसतं.

निकाहला बायकांचा आणि पुरुषांचा भाग वेगळा असतो. बायकांच्या भागात स्त्री फोटोग्राफर लागते, आणि तिथे काढलेला कोणता फोटो कोणाला दाखवायचा हे घरातल्या मोठ्या बाईला विचारूनच.

माणसं

जागा बघून झाली की चार माणसांशी बोलून या. बिछायतवाला आणि साउंडवाला यांचं वर आलंच. भटजींना विचारा की तोंड कोणत्या दिशेला असणार, अंतरपाट कोण धरणार, कन्यादान पाटावर की खुर्चीवर. होम कुठे पेटणार हेही विचारा. होमाच्या धुरावर समोरून फ्लॅश मारला तर पांढरा पडदा दिसतो, तोच धूर मागून किंवा बाजूनं उजळला तर सुंदर येतो. भटजींना सांगितलं की ते कुंड दोन हात सरकवून घेतात. अक्षतांच्या वेळी सगळे हात वर करून मोबाइल धरतात. म्हणून शेवटच्या अष्टकाच्या आधी अंतरपाटाच्या टोकाशी, भटजींच्या खांद्याजवळ तुमची जागा हवी. ती जागा त्यांनीच द्यायची असते, हक्कानं घेता येत नाही.

चौथा आचारी. पंगत उठायला लागली की फोटोवाल्याला जेवायची फुरसत मिळत नाही. मी पहिल्या पंगतीच्या आधी स्वयंपाकाकडे जाते, उकळत्या कढईचे, आलू-वांग्याच्या भाजीचे, बुंदी पाडणाऱ्या झाऱ्याचे फोटो काढते, आणि आचारी स्वतःच पोळी-भाजीचं ताट समोर ठेवतो. हे फोटो अल्बममध्ये सगळ्यांना आवडतात. आचाऱ्यालाही त्याचा एक फोटो पाठवा.

आणि घरच्यांपैकी एक माणूस मागून घ्या. नवरीकडचा एक, नवरदेवाकडचा एक. आहेराच्या वेळी कोण कोणाचं कोण हे त्याला माहीत असतं. शहरातून शिकून आलेल्या मुलांना आहेराचे फोटो कंटाळवाणे वाटतात. पण खेड्यात तो अल्बम म्हणजे कोण आलं होतं याची नोंद असते. आत्याबाईंचा फोटो राहिला तर ती गोष्ट पुढच्या लग्नापर्यंत निघते. प्रत्येक आहेराचा एक फोटो, डोळे उघडे, चेहरा कॅमेऱ्याकडे. त्यात कलाकारी करू नका.

म्हाताऱ्या माणसांचे फोटो मी वेगळे काढते. लग्नात नवं लुगडं, नवं धोतर असतं, चेहऱ्यावर आनंद असतो, आणि अनेक घरांत तेव्हाच कॅमेरा येतो. दिग्रसकडच्या एका लग्नात नवरीची मावशी कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "अवो बाई, आमच्या बुढीचा एक चांगला फोटो काहाडून घेजा, मांगून कामी येते." भिंतीवर लावायच्या फोटोबद्दल ती बोलत होती. तेव्हापासून प्रत्येक लग्नात आजी-आजोबांना मी उत्तरेच्या उजेडात खुर्चीवर बसवते, मागे साधी भिंत, आणि घाई करत नाही. या फोटोचे वेगळे पैसे घेत नाही.

नवरीच्या खोलीत

खोली लहान असते, दहा बायका असतात, एक ट्यूबलाइट आणि एक खिडकी. ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा पडदा सरकवा, नवरीला खिडकीकडे तोंड करून बसवा. एवढंच. पुरुष फोटोग्राफर असाल तर सोबत एक मुलगी ठेवाच. तुमच्याकडे कोणी नसेल तर घरातली चुलत बहीण, मामेबहीण शिकवून तयार करा. महिनाभरात या खोलीपुरतं काम येतं. मुलींनी या धंद्यात यावं असं मला मनापासून वाटतं, कारण लग्नातला अर्धा भाग पुरुष फोटोग्राफरला दिसतच नाही: हळदीच्या रात्री आई एकटी बसलेली, बहीण बांगड्या भरताना, काकू नवरीच्या कानात काही सांगताना. मुलींनी एक मात्र आधीच ठरवून घ्यावं: रात्री परत कशानं यायचं. यजमानाकडून गाडी किंवा त्या घरातच बायकांच्या खोलीत मुक्काम, हे ऑर्डर घेतानाच बोलायचं. मागायला लाजू नका.

ऊन आणि वीज

कॅमेऱ्याच्या पुस्तकात वापराची मर्यादा साधारण ० ते ४० अंश लिहिलेली असते. आपली लग्नं ४५ अंशांत लागतात. काळा कॅमेरा उन्हात ठेवू नका, वर पांढरा दुपट्टा टाका. बॅटऱ्या आणि कार्डं बंद गाडीत राहू देऊ नका. व्हिडिओ सतत चालू ठेवला की कॅमेरा तापून बंद पडतो, म्हणून दोन कॅमेरे आलटून-पालटून वापरा. तुम्ही स्वतःही तापता. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, कानाला दुपट्टा, सुती कपडे. डोकं गरगरलं तर सावलीत बसा, अर्धी वरात दुसऱ्यानं काढली तरी चालते.

गावात लग्नघरी सगळे कूलर एकदम लागले की व्होल्टेज उतरतं. कॅमेऱ्याचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना त्रास नाही. विजेवरचे मोठे स्टुडिओ लाइट मात्र मंदावतात, म्हणून मी बॅटरीचेच वापरते. सगळं घरूनच चार्ज करून न्या. आकड्याच्या वायरीवर तर काहीच लावू नका.

पैसे, कायदा, कागद

आमचा ग्राहक शेतकरी आहे. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे येतं, कापूस त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत घरात येत राहतो आणि लग्न वैशाखात. म्हणजे लग्नाच्या वेळी पैसा बिछायत, किराणा, सोनं यांत गेलेला असतो. मी तीन टप्पे करते: तारीख धरताना इसार, हळदीच्या दिवशी निम्म्यापेक्षा थोडे जास्त, उरलेले अल्बम देताना. सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. किती तास, किती माणसं, अल्बमची किती पानं, प्रवासाचा खर्च कोणाचा. लिहिलेलं असलं की नात्यात कडवटपणा येत नाही.

ऑर्डर घेताना मी मुलीचं आणि मुलाचं वय विचारते, शंका आली तर शाळेचा दाखला बघते. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण नसेल तर काम घेत नाही. २००६ च्या कायद्यानं बालविवाह लावणारा आणि त्याला साथ देणारा, दोघांनाही २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मला शिक्षेपेक्षा त्या पोरीचं जास्त वाटतं. १०९८ हा बालकांसाठीचा नंबर आहे, गावात ग्रामसेवकालाही कळवता येतं. आपण तारीख सगळ्यांच्या आधी ऐकतो, म्हणून हे आपल्यावर येतं.

फोटो कोणाचे, हाही प्रश्न आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्यांचा पहिला हक्क त्या ग्राहकाचा. म्हणून रील टाकण्याआधी लेखी विचारा, आणि नवरीला स्वतंत्रपणे विचारा. घरचे हो म्हणाले आणि ती नाही म्हणाली तर ते नाहीच.

विवाह नोंदणीला लग्नाचा फोटो आणि पत्रिका लागते. हार घातलेले दोघं, चेहरे स्पष्ट, मागे भटजी किंवा भंते दिसताहेत असा एक फोटो ठरवून काढा आणि त्याची प्रिंट आठवड्यात देऊन टाका. अल्बमसाठी थांबवू नका.

घरी आल्यावर

दोन कार्डांत एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा घेता आला तर आधी तो घ्या, भारी लेन्स नंतर. रात्री कितीही उशीर झाला तरी झोपण्याआधी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी, त्यातली एक दुसऱ्या घरात. कार्डं अल्बम देईपर्यंत पुसायची नाहीत. वरातीतला गुलाल आणि धूळ आधी ब्लोअरनं उडवा, लगेच कापडानं घासू नका, काचेवर चरे पडतात. पावसाळा लागला की लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते.

अल्बमची मुदत मी आखाडी धरून ठरवते. आषाढात नवी नवरी माहेरी येते, शेजारच्या बायका, मैत्रिणी जमतात, अल्बम तेव्हाच खरा उघडतो. तोवर निवड, डिझाइन, लॅबची छपाई आणि एकदा दुरुस्ती एवढं बसवायचं असेल तर लग्नानंतर आठवड्यात फोटो निवडायला घरी नेऊन द्या. दोन प्रती करा, एक सासरची, एक माहेरची. माहेरच्या प्रतीत नवरीकडच्या पाहुण्यांची पानं जास्त असावीत. हे डिझाइन करणाऱ्याला सांगावं लागतं, तो आपणहून करत नाही.